वखार : धान्याची, कंपनीची, लाकडाची

वाशीम जिल्ह्यात 'वखार' म्हटले की डोळ्यांपुढे सागाचे ओंडके, फळ्या आणि आरा मशीनखालचा भुसा येतो. शब्दाचे मूळ मात्र लाकडात नाही, धान्यात आहे.

मधल्या 'ख'मुळे हा शब्द फारसी वाटतो आणि त्याला 'खबर', 'बखर' यांच्या पंगतीला बसवण्याचा मोह होतो. ('बखर'चे कूळही वादातलेच, पण तो वाद वेगळा.) हिंदीत मात्र 'बखार' आहे आणि तिचा अर्थ धान्याची कणगी, कोठार. वाघ-बाघ, वीस-बीस, वेल-बेल अशी व-बची जोडी दिसली की शब्द जुना, प्राकृतातून दोन्हीकडे उतरलेला समजावा. फारसीतून आलेले शब्द असा वेश बदलत नाहीत : बाजार आणि बाग मराठीत 'ब'नेच राहिले, वकील आणि वजीर हिंदीतही 'व'नेच. 'ख'चेही कोडे नाही. पक्षाचा पाख झाला, कक्षेची काख झाली. इथेही एखादा 'क्ष' झिजला असणार. वखार ही कणगीची थोरली बहीणच.

सतराव्या शतकात हेच नाव फिरंग्यांच्या व्यापारी ठाण्यांना मिळाले. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली, तेव्हा तिथली इंग्रजांची वखार बचावली. आजच्या वाशीम जिल्ह्यातले श्रीमंत कारंजा मात्र त्याच वर्षाअखेर मराठ्यांच्या हाती सापडले. वखारवाले पुढे मुलखाचे धनी झाले, ते सर्वज्ञात आहे.

मलयकडून फिरंग्यांच्या तोंडी आलेले 'गोदाम' रूढ होत गेले आणि इतर माल तिकडे गेला. लाकूड महिनोन्‌महिने वाळत पडते, म्हणून ते जुन्या नावाला धरून राहिले असावे.

लाकूडवाल्यांनाही सत्तेचे वावडे नव्हते. मिशिगनमधला लाकडाचा बडा व्यापारी रसेल अल्जर १८८५ च्या जानेवारीत त्या राज्याचा गव्हर्नर झाला आणि १८९७ मध्ये अमेरिकेचा युद्धमंत्री. त्याच १८८५ साली, १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर ब्रह्मदेशच्या दरबाराने सागाचे ओंडके लपवल्याचा ठपका ठेवून सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवे होते. नोव्हेंबरात मंडाले पडले आणि थिबा राजा कैदी झाला. अल्जर निवडून आला होता; मुंबईच्या कंपनीला निवडणुकीची गरजच पडली नाही. रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेला थिबा १९१६ मध्ये तिथेच वारला.

१९५७ मध्ये राज्य वखार महामंडळ स्थापन झाले आणि त्या नावात धान्याची वखार परत आली.