उसाच्या साखरेतून औषधाच्या मुदतीकडे

खान्देशातल्या शिरपुरात 1992पासून औषधनिर्माणशास्त्राचं आर. सी. पटेल महाविद्यालय आहे आणि तालुक्यातच, दहिवदला, सहकारी साखर कारखाना उभा राहिला. औषध आणि साखर हे दोन धंदे वरवर परके वाटतात. पण गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत ज्या गणितातून निघते, ते साखरेच्या द्रावणात जन्मलं. एकेकाळी औषधविक्रेता असलेल्या लुडविग विल्हेल्मी यांनी 1850मध्ये उसाची साखर आम्लात किती वेगाने फुटते ते मोजलं. उपकरण होतं पोलॅरिमीटर. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’, म्हणजे साखरेचं प्रमाण, याच तत्त्वावर काढतात. साखर ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवते, फुटल्यावर झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण डावीकडे. त्यामुळे द्रावणाला हात न लावता, नुसता कोन वाचून, साखर किती उरली ते कळत होतं. त्यांना दिसलं ते असं: कोणत्याही क्षणी साखर फुटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या ठरावीक प्रमाणातच असतो. हे प्रमाण म्हणजे वेगस्थिरांक k. म्हणून अर्धायुष्य 0.693 भागिले k, मग सुरुवातीला साखर कितीही असो.

सूत्र पाठ असलं की पुरे, इतिहास कशाला, असं कुणी म्हणेल. पण k काढण्याच्या सूत्रातला 2.303 हा आकडाच लॉगच्या तक्त्यांच्या काळाची खूण आहे. k कशावर अवलंबून असतो हे मात्र प्रयोगातूनच उमगतं. आम्लाची मात्रा किंवा तापमान बदललं की k बदलत होता. पाणीही क्रियेत भाग घेतं, पण ते इतकं मुबलक की घटल्याचं जाणवत नाही. म्हणून वेग फक्त उरलेल्या साखरेवर ठरतो, म्हणजेच क्रिया पहिल्या कोटीची दिसते. 1889मध्ये अर्‍हेनियस यांनी तापमानाने वेग कसा बदलतो याचा नियम मांडताना याच साखरेच्या क्रियेचा आधार घेतला.

इथे खान्देशच्या उन्हाळ्याचा प्रश्न येतो. औषध पहिल्या कोटीने विघटित होत असेल, तर दहा टक्के घटीला 0.105 भागिले k इतका काळ लागतो. 30 अंशांवर हा काळ 24 महिने असेल आणि दहा अंशांनी वेग दुप्पट होत असेल, तर सतत 40 अंशांवर तो 12 महिनेच उरतो. दुकान वर्षभर तापत नाही आणि उत्पादक मुदतीत काही राखीव ठेवतात, हा आक्षेप खराच. सगळी औषधं पहिल्या कोटीने विघटित होतात असंही नाही. तरी उष्णतेने k सरळ रेषेत वाढत नाही. तापी खोऱ्यातल्या वैशाखाचे काही आठवडे वर्षाच्या सरासरीत दिसतात त्याहून जास्त नुकसान करतात. म्हणून ‘30 अंशांखाली ठेवा’ ही पाकिटावरची ओळ तारखेइतक्याच ठळक अक्षरांत छापली पाहिजे, कारण तारखेचा हिशेब त्या अटीवरच केलेला असतो.