नखं असलेली बेडकी: एका चाचणीचा आणि चुकलेल्या ओळखींचा इतिहास

१९४० च्या दशकात ब्रिटनमधल्या एखाद्या बाईची पाळी चुकली आणि डॉक्टरला लवकर खात्री करून घ्यायची असली, तर तिच्या लघवीची बाटली प्रयोगशाळेत जायची. तिथला कर्मचारी पाण्याच्या टाकीतून मुठीएवढी, बुळबुळीत बेडकी बाहेर काढायचा. लघवीवर थोडी प्रक्रिया करून ती तिच्या पाठीच्या कातडीखाली टोचायचा आणि बेडकीला बरणीत ठेवून द्यायचा. सकाळी बरणीच्या तळाशी मोहरीएवढी अंडी दिसली, तर बाई गरोदर. नाही दिसली, तर बहुधा नाही.

आज मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा बघायला पाच मिनिटं पुरतात. त्या रेघांच्या आधी जवळपास तीस वर्षं हे काम ही बेडकी करत होती. तिचं शास्त्रीय नाव झेनोपस लेव्हिस. मूळ गाव आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग. पुढे हीच बेडकी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत पाळीव प्राणी म्हणून आली, चुकीच्या नावाने विकली गेली, परक्या तळ्यांत घुसली आणि एका मोठ्या संहाराची संशयितही ठरली. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा झाली : तिला ओळखण्यात माणसं चुकली.

पहिली चूक नावातच आहे. १८०२ मध्ये फ्रान्सच्या दोदँ या निसर्गअभ्यासकाने तिचं वर्णन केलं, तेव्हा नाव दिलं ब्युफो लेव्हिस. ब्युफो म्हणजे टोड, लेव्हिस म्हणजे गुळगुळीत. आता गुळगुळीत टोड म्हणजे जरा विनोदच, कारण टोडची पहिली खूणच खरखरीत कातडी.

आपल्या बोलण्यात हा फरक येत नाही. पावसाळ्यात डबक्यात डराव डराव करतो तोही बेडूक, आणि रात्री अंगणातल्या दिव्याखाली किडे खात बसतो तोही बेडूक. पुस्तकी मराठीत दुसऱ्यासाठी ‘भेक’ असा शब्द भेटतो, पण संस्कृतात भेक म्हणजेही साधा बेडूकच. इंग्रजीत मात्र फ्रॉग आणि टोड हे दोन वेगळे शब्द आहेत. ढोबळ खुणा अशा : फ्रॉगची कातडी ओलसर, मागचे पाय लांब, उडी मोठी, अंडी पुंजक्याने. टोडची कातडी कोरडी आणि गाठीगाठींची, पाय आखूड, चाल खुरडत, डोळ्यांमागे विषाच्या दोन फुगीर ग्रंथी, तोंडात दात नाहीत, अंडी माळेसारख्या लांब दोऱ्यांत. त्या गाठींना हात लावल्याने आपल्याला चामखीळ येत नाही, पण विष डोळ्यांत गेलं तर जळजळ होते, म्हणून हात धुवायचे.

खरी गंमत अशी, की शास्त्राच्या हिशोबात टोड हा बेडकांच्याच मोठ्या गणातल्या एका कुळाचा सभासद आहे. सगळे टोड बेडूक असतात, सगळे बेडूक टोड नसतात. म्हणजे आपली मराठी तितकीशी चुकत नाही.

झेनोपस टोडच्या कुळातला नाही. त्याला जीभ नाही, पापण्या नाहीत. मागच्या प्रत्येक पायाच्या तीन बोटांना काळी नखं आहेत. अंगाच्या बाजूने शिवणीच्या टाक्यांसारख्या खुणा दिसतात. पाण्यातली हालचाल जाणवण्यासाठी माशांना असते तशी ती यंत्रणा आहे. तो जवळजवळ सगळा जन्म पाण्यातच काढतो. झेनोपस म्हणजे ग्रीकमध्ये ‘विचित्र पायाचा’, आणि हे नाव त्याला १८२७ मध्ये मिळालं. तरीही शंभर वर्षांनंतर ब्रिटिश डॉक्टर आपल्या लेखांत त्याला ‘दक्षिण आफ्रिकेचा नखांचा टोड’च म्हणत होते. दक्षिण आफ्रिकेत लोक त्याला प्लॅटाना म्हणतात.

आता चाचणीकडे. गरोदर बाईच्या लघवीत एक खास संप्रेरक उतरतं, हे १९२७-२८ मध्ये बर्लिनच्या सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवलं. त्यांच्या चाचणीत उंदराच्या माद्यांना काही दिवस इंजेक्शनं द्यायची, मग त्यांना मारून, चिरून अंडाशय तपासायचे. १९३१ मध्ये अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन यांनी सशाची मादी वापरली. तिकडे ‘ससा मेला’ हा गरोदरपणाचा सूचक शब्दप्रयोग झाला. प्रत्यक्षात उत्तर काहीही येवो, ससा मरायचाच.

इथे लॅन्सलॉट हॉगबेन हा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ येतो. १९२७ मध्ये तो केपटाउन विद्यापीठात शिकवायला गेला. बेडूक कातडीचा रंग कसा बदलतात आणि त्यात मेंदूतळाच्या पिट्युटरी ग्रंथीचा काय हात आहे, हा त्याचा विषय. तिथल्या डबक्यांत झेनोपस मुबलक. बैलाच्या पिट्युटरीचा अर्क टोचला की मादी अंडी घालते, हे त्याच्या लक्षात आलं आणि १९३० मध्ये त्याने ते मांडलं. त्याच वर्षी तो लंडनला परतला. पुढे १९३३-३४ मध्ये केपटाउनचे हिलेल शापिरो आणि हॅरी झ्वारेनस्टाइन यांनी गरोदर बायकांच्या लघवीनेही तेच घडतं हे दाखवून दिलं. श्रेय कोणाचं, यावर नंतर वाद झाला. चाचणीला नाव मात्र हॉगबेनचं चिकटलं.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर ही चाचणी देखणी आहे. उत्तर शरीराबाहेर, डोळ्यांना दिसणारं, हो किंवा नाही. चिरफाड नाही. निकाल दिवसांऐवजी तासांत. आणि यंत्र पुन्हा वापरता येतं : काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर तीच बेडकी पुढच्या बाईसाठी तयार. टाकीत ठेवली तर ती पंधरा-वीस वर्षंही जगते. म्हणून हजारो बेडक्या आफ्रिकेतल्या डबक्यांतून पकडून जहाजांनी जगभर गेल्या.

१९४७ मध्ये अर्जेंटिनाच्या कार्लोस गाली मायनिनी यांनी आणखी सोपं केलं. त्यांनी खराखुरा टोड घेतला, तोही नर. संप्रेरक टोचल्यावर काही तासांत त्याच्या मूत्रात शुक्राणू दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पुरे. आफ्रिकेतून काही मागवायला नको, गावचा टोड चालतो.

पण या देखण्या यंत्रणेत एक माणूस कुठेच नव्हता : ती बाई. चाचणी डॉक्टर मागवणार, निकाल डॉक्टरला कळणार. तिच्या शरीराबद्दलची बातमी बेडकीला आधी, प्रयोगशाळेला मग, डॉक्टरला त्यानंतर आणि तिला सगळ्यांत शेवटी. १९६० नंतर प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या आल्या आणि बेडक्यांचं काम संपत गेलं. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्गारेट क्रेन या डिझायनर बाईने घरी करता येईल अशा चाचणीचा आराखडा केला. औषध कंपन्यांना आणि डॉक्टरांना ती कल्पना सहज पचली नाही. बायकांच्या हातात उत्तर पोचायला आणखी दहा वर्षं लागली.

बेडक्या मात्र तोवर जगभर पोचल्या होत्या. प्रयोगशाळेत त्यांना दुसरं काम मिळालं. जॉन गर्डन यांनी झेनोपसच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून नवा जीव वाढवला; त्या कामासाठी त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. १९९२ मध्ये झेनोपस अंतराळयानातूनही जाऊन आला. आणि काचेच्या टाकीत वर्षानुवर्षं तगणारा, काहीही खाणारा हा प्राणी हौशी लोकांच्या घरी आला.

इथे ओळख पुन्हा चुकली. हायमेनोकायरस नावाचा आफ्रिकेचाच एक बुटका बेडूक आहे, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा, माशांबरोबर गुण्यागोविंदाने राहणारा. दुकानात झेनोपसचं पिल्लू आणि हा बुटका जवळपास सारखेच दिसतात. ‘बुटका’ म्हणून आणलेलं पिल्लू वर्षभरात तळहाताएवढं होतं आणि टाकीतले मासे गायब होतात. ओळखायची खूण सोपी आहे : पुढचे पाय बघा. बुटक्याच्या चारही पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात, झेनोपसच्या पुढच्या पायांची बोटं सुटी असतात. तो त्या बोटांनीच घास तोंडात कोंबतो, कारण जीभ नाही. शिवाय झेनोपसचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, बुटक्याचे कडेला.

नको झालेला प्राणी लोकांनी जवळच्या तळ्यात सोडला. काही प्रयोगशाळांतूनही सुटले. आज कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्स, सिसिली इथल्या पाण्यांत झेनोपस मोकळे नांदतात आणि स्थानिक जीव खातात. कॅलिफोर्नियासह अमेरिकेतल्या काही राज्यांत तो पाळायला बंदी आहे.

मग आला मोठा आरोप. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी कायट्रिड गटातल्या एका बुरशीचं वर्णन केलं. ती बेडकांच्या कातडीत वाढते, कातडीतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. २०१९ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार या बुरशीमुळे उभयचरांच्या ५०१ प्रजाती घटल्या, त्यांतल्या ९० बहुधा नामशेष झाल्या. झेनोपस मात्र ही बुरशी अंगावर घेऊनही सहसा आजारी पडत नाही. २००४ मध्ये संशोधकांना १९३८ साली जपून ठेवलेल्या एका झेनोपसच्या कातडीत ती सापडली. कथा जुळली : चाचणीसाठी गेलेल्या बेडक्यांनी रोग जगभर नेला.

कथा इतकी नीट जुळते, तेव्हा पुन्हा तपासावी. २०१८ मध्ये जगभरातल्या नमुन्यांचे जनुकसंच ताडून बघितल्यावर बुरशीचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला निघालं. पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती आढळली आहे, पण आपल्याकडे सामूहिक मृत्यूंची नोंद नाही. म्हणजे मूळ गुन्हेगार झेनोपस नव्हे. पण पूर्ण निर्दोषही नाही. मायोर्का बेटावर ‘सुईण टोड’ म्हणतात असा एक दुर्मीळ जीव आहे; त्यातला नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून फिरतो. (तोही टोडच्या कुळातला नाहीच.) त्याला वाचवण्यासाठी पिंजऱ्यात पैदास करून पिल्लं बेटावर सोडली, आणि त्यांच्याबरोबर बुरशीही गेली. त्या पैदास केंद्रात झेनोपसची एक जातही ठेवलेली होती; तिच्याकडूनच लागण झाली असावी, असं संशोधकांनी मांडलं.

जिवंत प्राणी एका खंडातून दुसऱ्या खंडात नेताना आपण फक्त तो प्राणी नेत नाही. त्याच्या टाकीतलं पाणी आणि कातडीवरचे जीवही बरोबर जातात. बेडकीचा यात दोष काय? तिला ना बाईची पाळी माहीत होती, ना बुरशी. ती फक्त टोचलेल्या संप्रेरकाला उत्तर देत होती.

म्हणून बेडूक पाळायची हौस असेल तर दोनच पथ्यं. आणण्याआधी पुढचे पाय नीट बघा. आणि कंटाळा आला तरी त्याला किंवा त्याच्या टाकीतल्या पाण्याला ओढ्याची वाट दाखवू नका. घरात आलेला झेनोपस कदाचित पुढची पंधरा वर्षं तुमच्याकडे असेल. तेवढी वर्षं सांभाळायची तयारी नसेल, तर पावसाळ्यात बाहेर पडा. आपले बेडूक ऐकायला टाकी लागत नाही.