अंगचोर आणि पाटाचे पाणी

शाळेत प्रकल्प-वही आली तेव्हापासून एक तक्रार मी हमखास ऐकत आलो. गट सहा जणांचा, राबायचे दोघांनी आणि मुखपृष्ठावर नावे मात्र सहाही जणांची! पुण्यात नोकरी करणारे आमचे पुतणे हेच सांगतात, फक्त वहीच्या जागी कॉम्प्युटर आला आहे. यावर आपण काय करतो? समजूत घालतो, नाहीतर रागावतो. दोन्हीचा परिणाम चार दिवस टिकतो.

मला याचे एक उत्तर इतिहासात सापडले, तेही राजेरजवाड्यांच्या प्रकरणात नाही, तर खानदेश-बागलाणातल्या फड पद्धतीत. आमच्या महागावकडे फड म्हटले की कुस्ती नाहीतर तमाशा आठवतो. तिकडचा फड वेगळा. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर, नाशिक जिल्ह्यात मोसम आणि आरम या नद्यांवर शेतकऱ्यांनी तीन-चारशे वर्षे हे पाणी आपसात वाटून घेतले. नदीत बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारण तीन-चार मोठे भाग. त्या भागाला फड म्हणत. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे.

आता गंमत बघा. पाट गाळाने भरतो. ज्याचे शेत पाटाच्या तोंडाशी, त्याला गाळ काढायची घाई कशाला असेल? पाणी त्याला मिळतेच. तळमळ शेवटच्या शेतकऱ्याला. म्हणजे अंगचोरपणाला घरबसल्या आमंत्रणच!

फडवाल्यांनी स्वभाव सुधारायच्या फंदात न पडता पाण्याची चावीच शेतकऱ्याच्या हातातून काढून घेतली. आपल्या शेताचे बारे आपण फोडायचे नाही. पाणी देणार पाटकरी, त्याच्यावर देखरेख हवालदाराची आणि पिकाची राखण जागल्याकडे. यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. पाटाच्या दुरुस्तीला प्रत्येकाने हातभार लावायचा आणि वाद पंचांनी मिटवायचा. शिवाय एकाची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळे उसाचा फायदा आणि टंचाईचा फटका दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला. कोण आला नाही हे कोणाला शोधत बसावे लागत नसे, ते चारचौघांत दिसतच असे.

फार गोड चित्र रंगवायला नको. ज्याला जमीन नाही त्याला या पाण्यात वाटा नव्हता. पंचही जमीनवालेच. इतिहासाच्या मास्तराने हे विसरू नये.

पण ही पद्धत ढासळली कशाने? कामचुकारांमुळे ढासळली असे मला आधी वाटायचे. तसे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर अशी धरणे वरच्या अंगाला झाली आणि नदीचा प्रवाहच बदलला. दुसरीकडे शेतात विहिरी झाल्या, त्यांवर पंप बसले. ज्याची स्वतःची विहीर, त्याला पाटाची गरज उरली नाही. मग त्याने गाळ काढायला का यावे? आणि एकच पीक घेण्याचे बंधन का पाळावे?

विहीर खणणारा माणूस काही आळशी नव्हता. बहुतेक वेळा गावातला कष्टाळू, चार पैसे गाठीला असलेला शेतकरीच तो. त्याला पंच दंड तरी कशाचा करणार?