घडण : रायगड किनाऱ्यावरील सोनारकर्माचे विवेचन

प्रस्तुत विवेचनात तीन संज्ञा निश्चित अर्थाने वापरल्या आहेत. 'सोने' म्हणजे तोलता येणारा आणि कसाला लावता येणारा धातू. त्याचा आकार कोणताही असो. 'डागिना' म्हणजे अंगावर घालता येईल असा आकार प्राप्त झालेले सोने. 'घडण' म्हणजे सोन्याला डागिन्यापर्यंत नेणारी क्रिया आणि तिचा डागिन्यात उरलेला परिणाम, ही दोन्ही. व्यवहारात या तिसऱ्या संज्ञेचा स्वतंत्र उच्चार एकाच जागी होतो : पावतीवर, 'घडणावळ' या रूपात. डागिना घेताना घडणावळ द्यावी लागते. तोच डागिना मोडीत घालताना वजन आणि कस एवढेच पाहिले जाते. घडणावळ परत मिळत नाही. म्हणजे डागिन्यातील जो अंश सर्वस्वी कारागिराचा, तोच घेताना मोलाचा आणि मोडताना शून्य. ही विषमता कशातून येते, आणि तिच्यासह चालणाऱ्या कर्माचे स्वरूप काय, हा येथील प्रश्न आहे.

क्षेत्र रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनारपट्टीपुरते मर्यादित आहे : मांडवा, थळ, अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन. या पट्टीत सोन्याची खाण नाही. येथले सर्व सोने बाहेरून आलेले आहे, आणि बाहेरून येणारे सोने बहुधा आधीच कोणत्या तरी आकारात असते. नाणे, लगड किंवा जुना डागिना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सेमुल्ला नावाच्या बंदराचा उल्लेख आहे. ते चौल होय असे मानले जाते. बंदराच्या वाटेने आलेल्या सोन्याची एक खूण भाषेत आजही शिल्लक आहे. व्हेनिसमध्ये १२८४ सालापासून पडणारे डुकॅट हे सोन्याचे नाणे, सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे आणि जवळजवळ चोख, पश्चिम किनाऱ्यावरून महाराष्ट्रात आले. त्यावरील मानवाकृतींमुळे त्याला 'पुतळी' हे नाव पडले. नाण्याला कडी झाळून ते ओवले की पुतळ्यांची माळ झाली. पुढे तशाच चकत्यांवर देवदेवतांचे ठसे उमटू लागले. पुतळीच्या माळेत घडण किमान आहे : आकार तयार मिळाला, सोनाराने फक्त कडी दिली. अन्य सर्व डागिन्यांत मात्र आधीचा आकार आटवावा लागतो. यावरून पहिले विधान निष्पन्न होते. या किनाऱ्यावर नवी घडण ही पूर्वीच्या कोणत्या तरी घडणीच्या लोपातून सुरू होते.

डागिन्यांचे वर्गीकरण नावांनी, अवयवांनी किंवा जातीनिहाय वापराने केले जाते. सोनाराच्या दृष्टीने उपयुक्त वर्गीकरण वेगळे आहे : भाग एकमेकांना कशाने धरले जातात, यावरून. (१) ओवीव, नथीतील मोती तारेने, माळेतील मणी दोऱ्याने. (२) झाळीव, दोन भाग उष्णतेने एकजीव केलेले. (३) ठोकीव, एकाच कांबीतून किंवा पत्र्यातून घडलेले, उदाहरणार्थ भरीव गोठ. (४) जडावाचे, खडा कोंदणात बसवलेला. हे वर्ग परस्परांत मिसळतात. बोरमाळेचा मणी झाळीव असतो, माळ ओवीव. वापराचा विचार याच वर्गीकरणातून करता येतो. जी स्त्री पहाटे मासळीच्या टोपल्या उचलते, बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात घालते, तिच्या हातातील पोकळ पाटलीला पोचा पडतो आणि गळ्यातील दोरा घामाने व खाराने कुजतो. म्हणून कोळीवाड्यातील हातांसाठी भरीव काम युक्त ठरते, आणि गळ्यासाठी पटवेकऱ्याकडून माळ वेळोवेळी पुन्हा ओवून घेणे भाग पडते. डागिन्याचे दुर्बल स्थान धातू नसून सांधा आहे, हे दुसरे विधान.

घडणीच्या अवस्था पाच : परीक्षा, आटणी, ओढणी, जोड, उजाळा. पहिल्या तीन थोडक्यात सांगता येतात. परीक्षेत काळ्या कसोटीवर सोन्याची रेघ ओढून ती ज्ञात कसाच्या रेघेशी ताडतात आणि तेजाबाचा थेंब लावून कोणती रेघ टिकते ते पाहतात. आटणीत सोने मुशीत वितळवतात. चोख सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते मऊ असल्याने त्यात तांबे व चांदी मिसळून बावीस कॅरटचे, म्हणजे शेकडा ९१.६ शुद्धतेचे, करतात. ओढणीत कांब ठोकून पत्रा किंवा जंतरातून, म्हणजे भोके असलेल्या पट्टीतून, ओढून तार काढतात. ठोकताना सोने कडक होते. ते पुन्हा तापवून नरम केल्याशिवाय पुढचा घाव घालता येत नाही. घाव आणि ताव यांचा हा आळीपाळीचा क्रम चुकला तर कडेला चीर जाते.

चौथ्या अवस्थेकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे, कारण सोनाराचे कौशल्य तेथे उघड होते. तिची कारणपरंपरा अशी. चोख सोने हवेत तापवले तरी काळे पडत नाही. परंतु कडकपणासाठी त्यात तांबे घालावे लागते, आणि तांबे तापताच हवेशी संयोग पावून काळा थर धरते. या थरावर झाळ, म्हणजे सांधा जोडणारा धातू, पसरत नाही. म्हणून सांध्याला सवागी, म्हणजे टाकणखार, लावतात. ती वितळून काचेसारखी होते, काळा थर विरघळवते आणि हवा दूर ठेवते. झाळ स्वतः सोन्याचीच असते, पण तिच्यात चांदी-तांब्याचे प्रमाण अधिक, जेणेकरून ती डागिन्याच्या आधी वितळावी. आता एका डागिन्याला दहा सांधे असतील तर दहावा सांधा झाळताना पहिला सुटता कामा नये. यासाठी झाळी क्रमाने वापरतात : आरंभी अधिक तावावर वितळणारी कडक झाळ, शेवटी नरम. म्हणजे डागिना कागदावर काढताना आकाराचा विचार पुरतो. घडवताना प्रत्येक सांध्याला कितवा अग्नी मिळणार, हे आधी ठरवावे लागते. सोनाराच्या कर्मातील सर्जन मुख्यतः या क्रमनिश्चयात आहे. आकृतीतील नावीन्य त्या मानाने गौण होय.

एक मणी जवळून पाहू. बोरमाळेसाठी पातळ पत्र्याची वाटोळी चकती कापतात. अर्धगोल खळगे असलेल्या धातूच्या ठोकळ्यावर ती ठेवून गोल टोकाच्या ठशाने हळूहळू खळग्यात बसवतात. आधी रुंद खळग्यात, मग अरुंद खळग्यात. चकतीची वाटी होते. अशा दोन वाट्यांच्या कडा घासून सपाट करतात आणि तोंडाला तोंड लावून मणी जुळवतात. जुळवण्यापूर्वीच ओवण्याची भोके पाडलेली असतात. ती केवळ दोऱ्यासाठी नसतात : बंद मण्यातील हवा तापून फुगते, तिला वाट नसेल तर सांधा फाटतो. कडेवर सवागीचे ओले बोट फिरते, झाळीचे बारीक कण चिमट्याने मांडले जातात. मग सोनार दिव्याच्या ज्योतीत बाकदार फुंकणीचे टोक धरतो आणि गाल भरून फुंकतो. नाकाने श्वास घेत असताना गालांतील हवा ज्योतीला अखंड पुरवायची असते. फुंक तुटली की ताव तुटतो. सवागी फुगते, बसते, पारदर्शक होते. क्षणभर कडेवरून चकाकणारी एक रेघ धावते. तीच झाळ. त्यानंतर आणखी एक श्वास जास्त झाला तर वाटी बसून जाते. आज बहुतेक ठिकाणी फुंकणीच्या जागी गॅसची ज्योत आली आहे. पण कधी थांबायचे, हे त्या रेघेकडे पाहूनच ठरते.

येथे एक उपप्रश्न येतो. झाळ कमी शुद्धतेची असल्याने सांध्यांमुळे डागिन्याचा एकूण कस उतरतो, आणि मोडीच्या वेळी त्याची घट धरली जाते. ही घट टाळण्यासाठी झाळीत कॅडमियम घालण्याची रीत पडली. 'केडीएम' हे नाव तेथून आले. कॅडमियम ७६७ अंशाला उकळते, त्यामुळे झाळताना त्याचा बराच भाग वाफ होऊन जातो आणि कस टिकतो. ती वाफ ज्योतीवर वाकलेल्या माणसाच्या श्वासात जाते, आणि तिने फुप्फुसे व मूत्रपिंडे निकामी होतात. ग्राहकाच्या कसाची हमी कारागिराच्या छातीतून वसूल करणारी ही रीत होती. आता हॉलमार्कच्या सोन्यात कॅडमियम ग्राह्य नाही, ही गोष्ट उशिरा झाली तरी योग्य झाली.

उजाळ्यात चिंचेच्या किंवा सौम्य आम्लाच्या पाण्यात डागिना उकळून काळेपणा काढतात आणि रिठ्याच्या पाण्याने घासतात. येथे घडण संपते.

सोनाराच्या दिवसाची रचना या कर्माच्या एका गुणधर्मातून आली आहे : प्रत्येक अवस्थेत सोने झिजते. कानशीने कीस पडतो, आटणीत थेंब मुशीला चिकटतो. सकाळी सोने तोलून घेतले जाते. सायंकाळी डागिना, उरलेले तुकडे आणि कीस एकत्र तोलून हिशेब जुळवला जातो. जुळत नाही ती 'तूट'. जुन्या मापात तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा होत्या, तोळा ११.६६ ग्रॅमचा धरल्यास गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम भरते. तूट त्या मापाने बोलली जात असे. म्हणून सोनार मांडीवर कापड पसरून बसतो, पंख्याच्या वाऱ्यात कानस चालवत नाही, हात धुतलेले पाणी फेकत नाही. दुकानातील केर आणि राख झारेकरी विकत घेतो आणि धुऊन त्यातील सोने वेगळे करतो. ही संयमाची दिनचर्या जुनी आहे. संत नरहरी सोनारांनी अभंगात बागेसरी (शेगडी), मूस, फुंकणी, हातोडा, कातरी, ताजवा यांची रूपके योजली. त्यांतील प्रत्येक वस्तू आजच्या सोनाराला स्पष्टीकरणाशिवाय ओळखू येते.

वर्षाची रचना समुद्रावर अवलंबून आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हंगामात कोळ्यांच्या घरी आलेला पैसा सोन्यात जातो. बंदीच्या काळात होडीची डागडुजी, जाळी, शाळेचा खर्च यांसाठी तेच सोने गहाण पडते किंवा मोडीत निघते. परंपरेने नारळी पौर्णिमेनंतर दर्या पुन्हा खुला मानला जातो आणि तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई येते. तेव्हा मोडीतून नवी घडण होते. अशा घरात डागिना ही एकाच वेळी शोभा आणि ठेव असते, आणि ठेवीचे लक्षण हेच की ती मोडता आली पाहिजे. पहिल्या परिच्छेदातील विषमतेचे कारण येथे सापडते. घडणावळ परत मिळत नाही, कारण घेणाऱ्याने डागिना घेतानाच त्याच्या मोडण्याची मुभा राखून ठेवलेली असते.

मग घडणीला स्वतःचे मूल्य नाही, असे म्हणावे काय? याच किनाऱ्यावरील एका घटनेने या प्रश्नाची परीक्षा झाली आहे. दिवेआगर येथे नोव्हेंबर १९९७मध्ये एका वाडीत खोदताना पेटीतून गणेशाचा सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च २०१२मध्ये दरोडा पडला; दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले आणि मुखवटा लुटला गेला. तपासात सोने हाती आले, ते आटवलेले. धातूच्या दृष्टीने पाहिले तर बरेच परत मिळाले होते. पण मुखवटा परत मिळाला, असे गावात किंवा बाहेर कोणीही म्हटले नाही. पुढे परत मिळालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवण्यात आला आणि नोव्हेंबर २०२१मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. सोने तेच, देव तोच, घडण दुसरी. जुन्या मुखवट्यावर ज्या अज्ञात हाताचे घाव होते ते घाव आता कोठेही नाहीत.

यावरून घडणीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. (१) अनन्य घडण : ती एकाच वस्तूत राहते, आणि वस्तू आटली की समूळ नष्ट होते. (२) आवर्ती घडण : ती हातात आणि ठशांत राहते, वस्तू तिचे केवळ एक उच्चारण असते. बोरमाळ, ठुशी, पाटली, पुतळी या दुसऱ्या प्रकारच्या. आजीची बोरमाळ आटवून नातीची बोरमाळ झाली तर काही हरवते, हे खरे. पण बोरमाळ हरवत नाही. आवर्ती घडणीला आटणीचे भय नाही. तिला भय आहे आवृत्ती थांबण्याचे.

शासनाची दृष्टी आजवर धातूवरच राहिली आहे. जानेवारी १९६३च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे डागिने घडवण्यास बंदी केली. हेतू सोन्याची मागणी घटवण्याचा होता. परंतु चौदा कॅरटचे सोने कडक, त्याचा रंग वेगळा, त्याचा ताव वेगळा. बावीस कॅरटवर तयार झालेला हात एका हुकमाने निरुपयोगी ठरला आणि देशभर सोनार बेकार झाले. ती अट १९६६मध्ये उठली, १९६८चा नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला. तोवर सोनारांचे अनेक मुलगे दुसऱ्या धंद्यांत गेलेले होते. सध्याचा हॉलमार्क, १६ जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा, ग्राहकाच्या हिताचा आहे. डागिन्यावरील ९१६ हा आकडा शुद्धता सांगतो, सहा अक्षर-अंकांची खूण त्या डागिन्याची ओळख पटवते. कोणाच्या हातचे काम, हे सांगणारी खूण त्यांत नाही.

आज किनाऱ्यावरील दुकानांत बराच माल तयार येतो. मुंबई जवळ आहे. मार्च २०२०पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोटही चालते. साच्यात ओतलेला किंवा यंत्रावर विणलेला डागिना वजनाने हलका पडतो आणि आकृतींची निवड विपुल मिळते. ग्राहकाने तो घेऊ नये असे म्हणण्याला आधार नाही. मात्र या बदलाने नवी घडण दुकानाबाहेर गेली, दुरुस्ती आत उरली. तुटलेला फास, पिचलेला मणी, सैल कोंदण, दिवाळीपूर्वीचा उजाळा : दुकानात बसलेल्या सोनाराच्या दिवसाचा मोठा भाग आता यांत जातो.

दुरुस्ती हे हलके काम समजले जाते. वरील विवेचन मान्य केल्यास ते तसे नाही. नवा डागिना घडवणाऱ्याला सांध्यांचा क्रम ठरवण्याचे स्वातंत्र्य असते. दुरुस्ती करणाऱ्याला दुसऱ्याने ठरवलेला क्रम वस्तूवरून वाचावा लागतो. जुन्या बोरमाळेतील एक मणी फाटून येतो. आत लाख भरलेली असेल तर आधी ती काढली पाहिजे, नाही तर ज्योतीखाली ती उकळून बाहेर येईल. सोनार मणी कानाशी नेऊन हलवतो, भोकातून सुई घालून पाहतो, कडेची झाळ कोणत्या रंगाची आहे ते भिंगाखाली तपासतो, आणि आपली झाळ तिच्याहून नरम करून घेतो. मग सवागी लावून फाटक्या कडेवर ज्योत आणतो. चिमट्यात मणी, चिमट्याखाली ओली चिंधी, म्हणजे शेजारचा जुना सांधा थंड राहावा.