आडव्या रेघेची कुळकथा

हायफन जन्मला तेव्हा आडवी रेघ नव्हता. प्राचीन ग्रीक मजकूर शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहिलेला असे. कुठली अक्षरे एकाच शब्दाची हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून त्यांच्या खाली छोटी कमान काढत. बांधून ठेवणे हे त्याचे पहिल्यापासूनचे काम. १४५५च्या सुमारास माइन्झला गुटेनबर्गने बायबल छापले, तेव्हा ओळीअखेर तुटलेला शब्द पुढच्या ओळीशी जोडायला त्याने दोन तिरप्या समांतर रेघा वापरल्या. आजही इंग्रजीत ‘मॅन-ईटिंग शार्क’ हा नरभक्षक मासा असतो. हायफन गाळला, तर शार्क खाणारा माणूस उरतो.

डॅशचा स्वभाव नेमका उलटा. तो तोडतो, थांबवतो, मधेच दुसरा विचार आत घेतो. १७५९पासून प्रसिद्ध होत गेलेल्या लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरीत तर पानोपानी लहानमोठे डॅश आहेत. एमिली डिकिन्सनच्या कवितांना या चिन्हानेच श्वास दिला. तिच्या मृत्यूनंतर, १८९०च्या पहिल्या संग्रहात, संपादकांनी बहुतेक डॅश काढून तिथे रूढ विरामचिन्हे घातली. हा मला कवितेवरचा अन्यायच वाटतो; थॉमस जॉन्सनने १९५५च्या आवृत्तीत ते डॅश परत आणले.

छापखान्यात या रेघांचे खिळे वेगवेगळे असत. बारा पॉइंटच्या टाइपात एम डॅश बारा पॉइंट लांब, एन डॅश त्याच्या निम्मा. ‘१९१४–१९१८’ अशा ‘पासून-पर्यंत’साठी एन डॅश, वाक्य तोडायला अमेरिकेत बहुधा एम डॅश, तर ब्रिटनमधले बरेच प्रकाशक दोन्ही बाजूंना जागा सोडून एन डॅशच वापरतात.

घोटाळा केला टंकलेखन यंत्राने. त्यावर सगळ्या रेघांसाठी एकच कळ. डॅश हवा तर तीच दोनदा दाबायची. १९६३च्या आस्की या संगणकीय संकेतावलीने तोच संसार पुढे चालवला: हायफन आणि वजाबाकी, दोघांना मिळून एकच क्रमांक, ४५. युनिकोडने पुढे प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिला, पण कीबोर्डवरची कळ तशीच राहिली.

मराठीत ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतून आली. त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा. आपल्या व्याकरणाने संयोगचिन्ह (हायफन) आणि अपसारणचिन्ह (डॅश) वेगळी ठेवली, तरी छापताना दोन्हींसाठी बहुधा तीच आखूड रेघ पडते. खरे तर बहुतेक मोबाइलवर हायफनचे बटण क्षणभर दाबून धरले, की दोन्ही डॅश वर येतात.