गॅस नायट्रायडिंगनंतर पोलादाला ‘पाणी’ का देत नाहीत?

पोलाद तापवून झटकन थंड केले, म्हणजेच त्याला ‘पाणी दिले’, की ते कठीण होते, हे लोहार पूर्वीपासून जाणतात. गॅस नायट्रायडिंगमध्ये मात्र याची गरज नसते.

या प्रक्रियेत गिअर, क्रँकशाफ्टसारखे भाग बंद भट्टीत अमोनिया वायू सोडून साधारण ५०० ते ५५० अंश सेल्सिअसला अनेक तास ठेवतात. अमोनियातला नायट्रोजन पृष्ठभागात शिरतो. पोलादातल्या क्रोमियम, ॲल्युमिनियम यांच्याशी त्याचा संयोग होऊन अतिशय कठीण नायट्राइडे बनतात. म्हणजे कठीणपणा भट्टीतच आलेला असतो. म्हणून भाग सावकाश थंड करता येतात आणि ते फारसे वेडेवाकडे होत नाहीत.

साध्या कार्बन पोलादाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते हळू थंड केले, तर आत सुईसारखी नायट्राइडे तयार होतात. लवकर थंड केले, तर नायट्रोजन विरघळलेलाच राहतो आणि वारंवार पडणारा ताण पोलाद अधिक सोसते.

भट्टी उघडण्याची घाई मात्र कधीच करू नये. गरम भागांना हवा लागली की पृष्ठभागाचा रंग बिघडतो. त्याहून मोठा धोका म्हणजे उरलेला अमोनिया आणि हायड्रोजन हवेत मिसळून स्फोट होऊ शकतो. म्हणून आधी नायट्रोजन सोडून हे वायू बाहेर काढतात, मगच दार उघडतात.