महाराणा प्रताप : हळदीघाटानंतरची वीस वर्षे

ज्येष्ठ शुद्ध तृतीया आली की आपल्या समाजात महाराणा प्रतापसिंहांची जयंती साजरी होते. प्रतिमेस हार घातला जातो, मिरवणूक निघते, चेतक घोड्याचे चित्र रथावर झळकते आणि वक्ते हळदीघाटाच्या रणाचे वर्णन करून आपले भाषण संपवितात. ह्या उत्सवाविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि महाराणांचे चरित्र हळदीघाटाशी संपत नाही. किंबहुना त्यांची खरी थोरवी तेथून पुढे सुरू होते, हे समाजबांधवांच्या ध्यानी आणून द्यावे, एवढ्याच हेतूने हा लेख आम्ही लिहीत आहोत.

प्रतापसिंहांचा जन्म ९ मे १५४० रोजी कुंभलगडावर झाला. पिता महाराणा उदयसिंह, माता जयवंताबाई. इ. स. १५६८ मध्ये अकबराने चितोड घेतले. जयमल राठोड व पत्ता सिसोदिया ह्यांनी तेथे देह ठेवला, आणि मेवाडची सपाट व सुपीक भूमी मोगलांच्या हाती गेली. चार वर्षांनी, १५७२ मध्ये, उदयसिंह निवर्तले. धाकटा पुत्र जगमाल ह्यास गादी मिळावी अशी त्यांची इच्छा होती. परंतु सरदारांनी गोगुंदे येथे प्रतापांस गादीवर बसविले. म्हणजे जे राज्य त्यांच्या वाट्यास आले, त्याची राजधानी परक्याकडे, खजिना रिता आणि घरात भाऊबंदकी! रुसलेला जगमाल पुढे अकबराच्या आश्रयास गेला.

अकबराने प्रथम सामोपचाराचा मार्ग धरिला. जलालखान, कुंवर मानसिंह, राजा भगवंतदास आणि तोडरमल असे चार वकील एकामागून एक मेवाडात आले. प्रतापांनी त्यांचे आदरातिथ्य केले, पण स्वतः दरबारी हजर राहण्याचे मान्य केले नाही. अखेर १८ जून १५७६ रोजी हळदीघाटाच्या तोंडाशी, खमणोर गावाजवळ, रण पेटले.

त्या रणात कोण कोणाच्या बाजूने लढले, हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. मोगल सेनेचा अधिपती आंबेरचा कछवाह मानसिंह होता आणि त्याच्यासोबत अनेक राजपूत सरदार होते. इकडे प्रतापांच्या आघाडीच्या तुकडीचे नेतृत्व हकीमखान सूर ह्या पठाणाकडे होते. ग्वाल्हेरचे रामशाह तंवर आपल्या पुत्रांसह ह्या रणात पडले. झाला मान ह्याने राजछत्र स्वतःवर धरून शत्रूस आपल्याकडे ओढले व धन्यासाठी प्राण वेचिले. राणा पुंजाच्या हाताखालील भिल्ल धनुर्धारी डोंगराच्या आश्रयाने लढले. बदायुनी हा इतिहासकार त्या दिवशी मोगलांच्या बाजूने रणात हजर होता. आपल्याकडील राजपूत कोणते आणि शत्रूकडील कोणते, हे ओळखावे कसे, असा प्रश्न आपणांस पडल्याचे त्याने लिहून ठेविले आहे. ह्याहून अधिक बोलके वाक्य आमच्या वाचनात नाही.

त्या दिवशी रणभूमी मोगलांच्या ताब्यात राहिली. प्रताप मात्र हाती लागले नाहीत. गोगुंद्यास पोहोचलेल्या मोगल सेनेस धान्य मिळेना. आंबे व जनावरांचे मांस खाऊन तिला दिवस काढावे लागले. पुढे अकबर जातीने मेवाडच्या बाजूस आला. १५७८ मध्ये शाहबाजखानाने कुंभलगड घेतला. एकामागून एक ठाणी बसली. राजास उभे राहण्यास जागा उरली नाही, असेच कोणीही म्हटले असते.

ह्याच काळासंबंधी गवताच्या भाकरीची व ती पळविणाऱ्या रानमांजराची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. आम्हीही वर्गात ती अनेकदा सांगितली, आणि मुलांचे डोळे पाणावलेले पाहिले. कर्नल टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात ती दिल्यामुळे ती सर्वत्र पसरली. परंतु गौरीशंकर हिराचंद ओझा ह्यांच्यासारख्या साक्षेपी इतिहासकाराने ती ग्राह्य मानिली नाही. मेवाडच्या डोंगराळ भागात शेते होती, पाणी होते, आणि जीव लावणारी प्रजा होती. ही कथा वगळल्याने महाराणा लहान होत नाहीत. डोळ्यांत पाणी आणणारा राजा सोडून द्यावा, आणि डोंगरात बसून सेना, रसद व बातमी ह्यांची व्यवस्था लावणारा राजा ओळखावा, असे आता आम्हांस वाटते.

ह्या व्यवस्थेस भामाशाहाचे द्रव्यबळ मिळाले. तो ओसवाल जैन, राज्याचा प्रधान. त्याने आणून दिलेल्या धनावर सेना पुन्हा उभी राहिली. १५८२ मध्ये प्रतापांनी दिवेरचे ठाणे जिंकिले, आणि त्यानंतर मोगलांची ठाणी एकापाठोपाठ उठू लागली. १५८५ च्या सुमारास चावंड येथे नवी राजधानी झाली. चितोड व मांडलगड वगळता बहुतेक मेवाड त्यांनी परत मिळविला.

युद्धाखेरीज ह्या राजाने काय केले? त्याच्या आश्रयास असलेल्या पंडित चक्रपाणि मिश्र ह्यांनी ‘विश्ववल्लभ’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्याचा विषय युद्ध नव्हे. भूमीतील पाणी कसे शोधावे, झाडे कशी लावावी व जोपासावी, हा होय. लढाईने उजाड झालेल्या देशात पुन्हा हिरवळ यावी, ही तळमळ त्यात दिसते. आपण शेतकरी लोक. तलवारीइतकाच ह्या ग्रंथाचाही अभिमान आपणांस वाटावयास हवा.

१९ जानेवारी १५९७ रोजी चावंड येथे महाराणांनी देह ठेवला. जवळच बांडोली येथे त्यांची छत्री आहे. चितोड परत मिळाले नाही, ही खंत राहिली. पुत्र अमरसिंहाने आणखी अठरा वर्षे झुंज दिली व १६१५ मध्ये जहांगीराशी तह केला. पण राण्याने स्वतः दरबारी हजर राहू नये, ही सवलत त्या तहातही मेवाडला मिळाली. पित्याने ज्यासाठी जन्म वेचिला, त्यातील एवढे तरी पुत्राच्या हाती राहिले.

आता शेवटचे, आणि आमच्या मते महत्त्वाचे. मेवाडच्या राजचिन्हावर सूर्य आहे. त्याच्या एका बाजूस राजपूत उभा आहे आणि दुसऱ्या बाजूस धनुष्य घेतलेला भिल्ल. दोघांची उंची सारखी आहे. आपली कुळे उत्तरेकडून येऊन खानदेशात स्थिरावली. येथेही सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या शेजारी भिल्ल बांधव आहेत. आपल्या शेतांत ते राबतात. जयंतीच्या मिरवणुकीत ते रस्त्याच्या कडेस उभे असतात, आपण रथामागून चालतो. ज्यांच्या बाणांनी महाराणांचे रक्षण केले, त्यांस ह्या दिवशी पंक्तीस बसविल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हा दोष दुसऱ्या कोणाचा नव्हे. आमचाही त्यात वाटा आहे.

केवळ रक्ताच्या नात्याने महाराणांचा वारसा मिळत असता, तर त्यांचा सख्ख्या बापाचा पुत्र जगमाल त्यांच्याच पक्षास राहिला असता. तो गेला, पठाण, वाणी व भिल्ल मात्र राहिले. येत्या ज्येष्ठ तृतीयेस प्रतिमेस हार घालताना समाजातील वडीलधाऱ्यांनी व तरुणांनी ह्या गोष्टीचा विचार करावा, पंक्तीत दोन पाने अधिक मांडावी, आणि शक्य झाल्यास गावाच्या पडिक जागेत चार झाडे लावावी. महाराणांचे स्मरण त्यानेच सार्थ होईल, अशी आमची नम्र श्रद्धा आहे.